बयाबाईंचं लेबल

बयाबाईंचं माझ्याशी पहिलं बोलणं म्हणजे एक दणदणीत शिव्यांची फैर होती. साल एकोणीसशे एकोणसत्तर. मी नेसरीहून कोल्हापुरात आलेला, नवा कोरा पांढरा कोट घातलेला, प्रथिनांवर संशोधन करायला निघालेला बहाद्दर. आदल्या दिवशी वापरलेल्या सहा काचनळ्या मी न धुता मोरीत टाकून गेलो होतो. सकाळी दारातच आवाज आला.

"कुणाचं हाय हे खरकटं? वाळून दगूड झालंय! आई हाय का हितं तुझी, घासायला?"

मी घाबरून म्हणालो, "माझं आहे. चुकलं मावशी."

"चुकलं म्हंजे? पाण्यात टाकून जायाला काय हात मोडत्यात?" असं म्हणून त्यांनी त्या नळ्या घासल्या आणि उजेडात धरून एकेक मला दाखवली. काच आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी स्वच्छ. पुढं पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली राहिलो. कागदावर त्या माझ्या हाताखाली होत्या, पण कागदाचं काय घेऊन बसलात.

आमची प्रयोगशाळा म्हणजे टेकडीवरच्या एका कॉलेजच्या मागच्या तीन खोल्या. प्रमुख डॉक्टर हेर्लेकर, आम्ही दोघं-तिघं संशोधन करणारे, आणि काचसामान धुणाऱ्या बयाबाई. त्या मूळच्या हुपरीच्या. लहानपणी घरच्या कारखान्यात पैंजणं रिठ्याच्या पाण्यात धुवून त्यांनी चकचकीत केलेली, त्यामुळं बोटं जात्याच हलकी. लग्न होऊन फुलेवाडीत आल्या, नवरा लवकर गेला, मागं एक मुलगा आणि गोठ्यात एक म्हैस. सकाळी म्हैस पिळायची आणि दहाला आमच्याकडं यायचं. त्यांच्या हातून पाच वर्षांत किती नळ्या फुटल्या? दोन. माझ्या हातून किती, ते विचारू नका.

हेर्लेकर सर मितभाषी, पण एका गोष्टीत त्यांच्याइतका हेकट माणूस मी पाहिला नाही. ती गोष्ट म्हणजे लेबल. प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक नळीवर डिंकाचं लेबल हवं आणि त्यावर चार ओळी हव्यात: काय आहे, कधी केलं, कुणी केलं, कुणी तपासलं. चारांतली एक जरी ओळ कोरी असली तर सर बाटली उचलत आणि एक शब्द न बोलता मोरीत ओतून देत. माझं आठ दिवसांचं काम एकदा असं गटारात गेलं आणि मी त्या दिवशी जेवलो नाही. लेबलं ओली करून चिकटवायचं काम बयाबाईंचं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण चार ओळी भरल्यात की नाही हे त्या लांबून ओळखत. एकदा माझ्यासमोर डिंकाची बाटली ठेवून म्हणाल्या, "हितं डिंकाच्या बाटलीलाबी नाव हाय बघ. पगाराच्या कागदावर माझ्या अंगठ्याम्होरं मात्र नुसतं 'सेविका' लिव्हत्यात. समदी बाई म्हणत्यात न्हायतर मावशी. बयाबाई म्हणून हाक मारून किती वर्सं झाली असतील, मलाच आठवंना."

मी हसलो. त्या वयात कुणी मनातलं बोललं की मला हसूच यायचं. गाढव होतो.

आमचं काम होतं म्हशीच्या दुधातली प्रथिनं वेगळी करण्याचं. दूध ताजं हवं, न तापवलेलं, कशात न मिसळलेलं. कोल्हापुरात ही काय अडचण? गंगावेशीत म्हैस डोळ्यांसमोर पिळून दूध देतात. पण सरांना रोज एकाच म्हशीचं दूध हवं होतं आणि ती बयाबाईंच्या गोठ्यात होती. त्या येताना बर्फाच्या डब्यात अर्धा लिटर घेऊन येत. मी ते यंत्रात गरगर फिरवून साय काढून टाकायचो, उरलेल्या दुधातला केसीन, म्हणजे ज्याचं दही-पनीर होतं ते प्रथिन, खाली बसवायचो, पुन:पुन्हा धुवायचो आणि शेवटी काचेच्या लांब उभ्या नळीतून थेंब थेंब खाली सोडायचो. त्या उभ्या नळीत वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळ्या वेळी खाली उतरतात. थेंब गोळा करायचे आणि बघत बसायचं. दिवसभर थेंब बघत बसणारा माणूस घरच्यांना कसा समजावून सांगायचा, हा माझा तेव्हाचा सगळ्यात अवघड प्रयोग होता.

सत्तर सालच्या डिसेंबरात त्या उभ्या नळीत मला एक पिवळी पट्टी दिसली.

म्हशीचं दूध पांढरं असतं. गाईच्या दुधाला पिवळी झाक असते, म्हशीच्या नसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि इथं बोटभर रुंदीची, लिंबाच्या सालीच्या रंगाची पट्टी प्रथिनाबरोबर सावकाश खाली उतरत होती. मी सरांना बोलावलं. सर चष्मा कपाळावर सारून दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "परत कर."

परत केलं. परत आली. महिनाभर रोज आली. मी पट्टीचा रंग यंत्रावर मोजला, पट्टी पाण्यानं धुतली, मिठाच्या पाण्यानं धुतली. पिवळेपणा प्रथिनाला सोडेना. मार्चअखेर ती फिकट झाली आणि एप्रिलात गायब. मी वेडापिसा झालो. पुढच्या नोव्हेंबरात थंडी पडली आणि पट्टी पुन्हा हजर!

थंडीत येते आणि उन्हाळ्यात जाते, असं दुधात काय असेल? मी रात्रंदिवस हाच विचार करत होतो. उत्तर मीच काढलं आणि अजून आठवलं की कानशिलं तापतात. आमच्याकडं थंडीत साखर कारखाने सुरू होतात, उसाची तोड होते आणि म्हशींना हिरवं वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, मिळतं. उसाच्या वाड्यातून काहीतरी पिवळं द्रव्य दुधात उतरत असणार आणि ते वाहून नेणारं, जगाला माहीत नसलेलं एक प्रथिन असणार! सरांनाही ते पटलं. मी त्याला वहीत 'पीत-प्रथिन' असं नावही देऊन टाकलं. बाहत्तरच्या जानेवारीअखेरीला हैदराबादला परिषद होती. तिथं निबंध वाचायचं ठरलं, गोषवारा छापायला गेला, माझा पीएच.डी.चा विषयही तोच झाला. माझी सगळी भिस्त त्या पट्टीवर होती. ती खरी ठरली तर मी डॉक्टर, नाहीतर नेसरीला जाऊन शाळेतली नोकरी शोधायची.

सतरा जानेवारीची गोष्ट. दुपारी मी उभ्या नळीतून काढलेला सगळ्यात पिवळा भाग एका छोट्या नळीत घेतला, तिथंच टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो. लेबल लावायचं राहिलं. परत येतो तर बयाबाई मोरीपाशी आणि माझी नळी त्यांच्या हातात, सोड्याच्या गरम पाण्यात उलटी.

"मावशी! काय केलंत! माझं सोनं ओतलंत!"

"वरडू नगंस. लेबल न्हवतं त्याला. बिनलेबलाचं मोरीत जातंय, तुझ्याच सायबाचा नेम हाय."

मी धावत गेलो. वाचलं तर थोडंफार वाचवावं म्हणून पाण्यात बघितलं आणि तसाच उभा राहिलो. पांढऱ्या तसराळ्यात सोड्याचं पाणी होतं आणि नळीच्या तोंडापाशी त्यात लालभडक रंग पसरला होता.

"हे लाल काय आहे?"

"रोजच हुतंय की. तुझ्या पिवळ्या नळ्या सोड्यात टाकल्या की लाल हुत्यात. हळदीचं तसंच असतंय."

"कसली हळद?"

बयाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो होतो. "कसली म्हंजे? दुधात हाय ती. धुण्यावर हळदीचा डाग पडला आनि साबण लावला की लाल हुतोय का न्हाय? कुकू कसं करत्यात? हळद आनि चुना. मला वाटलं तुमीच घालताय औषध म्हणून."

"आम्ही नाही घालत मावशी."

"मग आमच्या म्हशीच्या सडाची आसंल. थंडीत सडाला भेगा पडत्यात, लाथ मारती. मग मी लोणी-हळद लावतोय की. हाताला ऱ्हाती थोडी, जाती दुधात."

मी स्टुलावर बसलो. वाडं कसलं आणि प्रथिन कसलं! दोन हिवाळे मी हळदीवर संशोधन करत होतो. सोड्याच्या पाण्यात प्रथिनाचा सत्यानाश होतो, म्हणून मी किंवा सरांनी पट्टी कधी सोड्यात घालून बघितलीच नव्हती. बयाबाई रोज घालत होत्या, तेही मोरीत.

आणि खरा घाव वेगळाच होता. नेसरीच्या आमच्या गोठ्यात माझी आई दर थंडीत म्हशीच्या सडाला लोणी-हळद लावायची. वाटी धरून मी तिच्याशेजारी उकिडवा बसलेला असायचो. तीन वर्षांत पांढऱ्या कोटाच्या आत मी ते पार विसरून गेलो होतो. एखाद्या मुंबईच्या पोराकडून ही चूक झाली असती तर मीच त्याला हसलो असतो.

पुढचे तीन दिवस मी सरांना टाळत राहिलो. बयाबाईंना हळद न लावता, हात साबणानं धुऊन दूध काढायला सांगितलं. पट्टी आली नाही. मग त्याच पांढऱ्या दुधात चिमूटभर हळद घातली. पट्टी आली, तीच, तिथंच. आता काही शंका उरली नव्हती. तरी माझ्या मनात काय आलं सांगू? वाटलं, गप्प बसावं. हैदराबादला कोण म्हशीच्या सडाची चौकशी करणार होतं?

बयाबाईंनी ते माझ्या तोंडावर वाचलं. "सायबास्नी सांगिटलंस?"

"सांगतो."

"कवा? आज सांग. न्हायतर मी सांगतो."

सांगितलं. सर उठून मोरीपाशी गेले. "बाई, मला दाखवा."

बयाबाईंनी कमरेची चंची सोडली, पानाला लावायचा चुना बोटावर घेतला, पाण्यात कालवला आणि त्याचे दोन थेंब पिवळ्या नळीत सोडले. लाल.

"इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?" सरांनी विचारलं. रागानं नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून.

"इचारलं कुणी, सायेब? आनि एवढी शिकलेली माणसं तुमी. मला वाटलं तुमास्नी म्हायती हाय."

सर हसले. मी त्यांना मोठ्यानं हसताना तेवढं एकदाच पाहिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी हैदराबादला तार करून निबंध मागं घेतला. माझ्या डोळ्यांसमोर नेसरीची एस.टी. दिसू लागली. बयाबाई मात्र अजून नळीकडंच बघत होत्या.

"सायेब, एक कळंना बगा. हळद पाण्यात इरघळत न्हाय, तळाला बसती. साय तर तुमी काढून टाकताय. मग ह्या दुधाच्या चोथ्याला ती कशी चिकटून ऱ्हाती? हा पोरगा एवढं धूधू धुतोय, तरी सुटंना?"

सर हळूच खुर्चीवर टेकले आणि माझ्याकडं वळले. "कृष्णात, हा तुझा प्रबंध. लिही."

खरंच तसं झालं. केसीन हळदीचा रंग कसा धरून ठेवतो, किती धरतो, कशानं सोडतो, हेच मी पुढची दोन वर्षं शोधत राहिलो, आणि सांगायला हरकत नाही, काम चांगलं झालं. वाडं मनातून काढून टाकल्यावर मला पुन्हा झोप लागायला लागली. बयाबाई रोज विचारायच्या, "आज किती सुटली रं हळद?" आकडा सांगितला की मान हलवून म्हणायच्या, "चिकट हाय गड्या." लोण्याबरोबर जास्त सुटते का ते बघ, असं त्यांनीच सुचवलं होतं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण ते आहे.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात प्रबंध टाइप व्हायला गेला. तेव्हा त्या एक दिवस पदराला हात पुसत माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "कृष्णात, त्या पुस्तकात माझं नाव घालशील? कुठंबी चालंल. बारीक असलं तरी चालंल. कुठल्याच कागदावर न्हाय बघ माझं नाव."

"घालतो की मावशी. तुमचं नाही घालायचं तर कुणाचं?"

आणि मी घातलं नाही.

विसरलो असतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. आभाराचं पान मी सहा वेळा लिहिलं. सरांचे आभार, ग्रंथपालांचे, टायपिस्टचे, काचेचं सामान पुरवणाऱ्याचेसुद्धा. बयाबाईंचं नाव लिहिलं की त्यांनी काय केलं तेही लिहावं लागे. मग परीक्षक विचारणार, तुम्ही शेतकऱ्याचे ना? हळद ओळखता आली नाही? मला ती लाज सोसवेना. म्हणून मी इंग्रजीत एक ओळ लिहिली, 'प्रयोगशाळेतील सेवकवर्गाचे आभार', आणि पान टाइप करायला दिलं.

पदवी मिळाल्यावर बयाबाईंनी घरून खवा आणून पेढे केले. मी त्यांना प्रबंधाची शेवटची, फिकट उमटलेली प्रत दिली.

"कुठं हाय दाखीव."

मी आभाराचं पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा."

त्यांनी आधी हात कोरडा केला, मग त्या ओळीवरून इकडून तिकडं सावकाश बोट फिरवलं. "लांब हाय की रं माझं नाव!" म्हणाल्या आणि पुस्तक पदरात गुंडाळून घेतलं. मी वर बघितलं नाही. आयुष्यात मी बऱ्याच बारीकसारीक लबाड्या केल्या, पण असा नीच मी त्या एका मिनिटात होतो तसा पुन्हा झालो नाही.

पुढं मी गडहिंग्लजच्या कॉलेजात लागलो आणि चौऱ्याऐंशीला बदली होऊन कोल्हापुरात परत आलो. हेर्लेकर सर गेले होते, बयाबाई काम सोडून घरी बसल्या होत्या. फुलेवाडी सायकलवर वीस मिनिटं, पण मी वर्षभर तिकडं फिरकलो नाही. पंच्याऐंशीच्या जुलैत पहिल्या वर्षाच्या वर्गात हजेरी घेताना एक नाव आलं, शालन वरुटे. बयाबाईंचं आडनाव वरुटे. तास संपल्यावर मुलगी टेबलापाशी आली.

"सर, आजीनं बोलावलंय. बयाबाई. तुमचं पुस्तक हाय आमच्या घरात."

"तू वाचलंस?"

"व्हय. सगळं न्हाय कळलं. पण पहिली पानं वाचल्यात."

म्हणजे संपलं. रविवारी मी गेलो. वाटेत माफीची दोन-तीन वाक्यं जुळवली आणि फुलेवाडी येईपर्यंत सगळी विसरलो. बयाबाई सोप्यात बसल्या होत्या, केस पांढरे, पण आवाज तोच. "ये डाक्टर. वाळलास की. बायकू जेवाय घालत न्हाय व्हय?"

मी बसलो नाही. "मावशी, त्या पुस्तकात..."

"न्हाय माझं नाव. म्हायती हाय मला." त्यांनी शालनला खूण केली. "ही सातवीत असताना इंग्रजी वाचाय लागली. पैल्यांदा हेच पान वाचून घेतलं. चार येळा वाचाय लावलं तिला. चुकली आसंल म्हणून."

"मी मुद्दाम नाही घातलं मावशी. मला लाज वाटली. हळद मला ओळखता आली नाही म्हणून."

"तेबी वळखलं मी." "लई रडलो हुतो त्या दिशी. कुणासाठी एवढं रडलो न्हाय. मग म्हटलं, रडून काय हुतंय? काम सोडताना चार लेबलं आणलीती घरला."

शालननं कपड्यात गुंडाळलेलं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. आभाराचं पान मला उघडावं लागलं नाही, ते आपणहून उघडलं. माझ्या त्या इंग्रजी ओळीवर आमच्या प्रयोगशाळेचं लेबल चिकटवलेलं होतं, चारी कोपरे नीट दाबून, एकही सुरकुती नाही. लेबलाचा कागद पिवळा पडला होता. त्यावर लहान पोरीच्या अक्षरात चार ओळी होत्या.

काय आहे: हळद.
कधी केलं: १७ जानेवारी १९७२.
कुणी केलं: बयाबाई गुंडू वरुटे.
कुणी तपासलं:

चौथी ओळ कोरी होती.

"सा वर्सं झाली," बयाबाई म्हणाल्या. "म्हटलं, येशील कवातरी. ती वळ कोरी ऱ्हायली तर मोरीत जाईल की."

शालननं पेन पुढं केलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि चौथ्या ओळीवर सही केली. शाई वाळेपर्यंत बयाबाईंनी पुस्तक मिटू दिलं नाही.